डॉक्टरांनी काढलेले बाण

मांडवी, १२ डिसेंबर, संध्याकाळी

आज डॉक्टरांनी रिपोर्टच्या पाठीवर गोल काढून बाबांचं यकृत समजावलं. दुखावलेली पेशी शेजारणीला निरोप धाडते, शेजारीण मदतीला म्हणून धागे विणू लागते. निरोप थांबलेच नाहीत तर त्या धाग्यांनीच यकृत कडक होतं. एका गोलाकडून दुसऱ्याकडे बाण. मग त्यांनी विचारलं, "दुसरं काही औषध दिलंत?" मी "नाही" म्हटलं.

दिलं होतं. कावीळ झाली तेव्हा लांज्याच्या आत्याबरोबर जाऊन मीच पाल्याचा रस आणला, पंधरा दिवस उपाशीपोटी पाजला. बी.एस्सी. झालेली मी! रसाने बिघडलं की नाही, कोण जाणे. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं ना?

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "सांगू नकोस गो, तुलाच ओरडतील." मुंबईला दादाला फोन केला. "तू आहेस ना तिथे," म्हणाला. आहे. एकटीच.

पुन्हा ते बाण बघत बसले. एकही गोल एकटा नाही. शेवटी त्यांच्याखाली रसाचे पंधरा दिवस लिहिले. सकाळी हाच कागद डॉक्टरांपुढे ठेवीन. तोंडाने सांगायला गेले तर पुन्हा "नाही"च येईल.