पानं पडतात म्हणून

ती. आईस लेकीचा नमस्कार,

मी बरी आहे, वेळेवर जेवते. फक्त खोली फार तापते, म्हणून ओली चादर पांघरून झोपते.

आमच्या सोसायटीने फाटकाजवळचं झाड तोडलं. का, तर गाड्यांवर पानं पडतात. मीटिंगमध्ये मी एकटीच विरोधात बोलले, तर सेक्रेटरी म्हणाले, "तुमच्याकडे गाडी कुठाय?" तेव्हापासून शेजारीणही तोंड फिरवते. आता गाड्या उन्हात तापतात, म्हणून तिथेच खांब रोवून हिरवं कापड ताणलंय, आणि त्याच्या सावलीवरून रोज भांडणं. डोकं फिरतं नुसतं.

तुझे गुडघे कसे आहेत?

दादाने गाडी घेतली, ऐकून बरं वाटलं. ती अंगणात कुठे उभी करणार, ते मात्र लगेच कळव. मी येईपर्यंत आपल्या झाडाला कुणी हात लावायचा नाही, म्हणावं.

तुझी,
धाकटी