गाय योगिताच्या नावावर

प्रिय योगे,

ही चिठ्ठी रामप्रसाद ड्रायव्हर तुझ्या हातात देईल, तो तुमच्या ऊसतोडीच्या फडावर चाललाय. फोन केला असता, पण फोन तुझ्या बापाच्या खिशात आन तो स्पीकरवर टाकूनच बोलतो. माझी शाळा चौथीपर्यंतची, दमानं वाच.

लई आनंदाची गोष्ट हाय. आपल्या चंद्रीच्या दुधाचं सरकारी अनुदान आलं, लिटरमागं सात रुपये. दोन्ही वेळचं मिळून अकरा लिटर देते. परवा दावं तोडून शेजारच्या ताराबाईची मेथी खाल्ली, तर बारा दिलं. ताराबाई भांडायला आली आन चहा पिऊन गेली. गुडघे दुखतात म्हणते, पण भांडायला बरी पळत येते.

तर अनुदानाचं सांगत होते. तुमी ऊस तोडायला गेलात आन चार दिवसांनी गुरांचा डॉक्टर आला. कानात बिल्ला न्हाई त्या गाईला अनुदान न्हाई, म्हणला. बिल्ला मारताना चंद्रीनं अशी मान झटकली की त्याचा चष्मा शेणात. चष्मा धुऊन दिला, तवा त्यानं विचारलं, आजी, गाय कुणाच्या नावावर लिहू? मी म्हणले, योगिता बद्रीनाथ. तुझं आधार आन स्कॉलरशिपसाठी काढलेलं पासबुक पुढं ठेवलं. डेअरीचं कार्डही तुझ्याच नावाचं करून घेतलं. डेअरीवाले बबनराव हसायला लागले. म्हणले, काकू, पोरगा सोडून नातीचं नाव? ती तर तिकडं उसात. गावभर झालं, म्हातारी चुकली.

चंद्रीची माय मेली तवा ती आठ दिवसांची होती. तू नववीत. सहामाही चालू असताना उठून उठून तिला बाटलीनं दूध पाजलंस. तुझा बापच ओट्यावर चार माणसांत म्हणला होता, जगली तर कालवड योगीची. मग मी वेगळं काय सांगितलं?

पैसे खात्यात पडलेत, पण खातं लई दिवस वापरात न्हाई म्हणून बंद हाय. बँकेतली बाई म्हणली, जिचं खातं तिनंच येऊन अंगठा द्यायचा, आईबाप चालत न्हाईत. मी विचारलं, आजी? म्हणली, आजीपण न्हाई. मी तिच्यापुढं तोंड पाडलं आन बाहेर येऊन पेढा खाल्ला.

इथपर्यंतचं बापाला वाचून दाखव, फोनचं आन पेढ्याचं तेवढं गाळ. बँकेचं काम म्हणल्यावर तो अडवणार न्हाई. आता हे तुझ्यापुरतं. नर्सिंगच्या यादीत तुझं नाव लागलंय, कॉलेजचं पत्र माझ्या उशाखाली हाय. सोमवारपर्यंत फीचा पहिला हप्ता भरायचाय. दुधाचं बिल आन अनुदान मिळून तो भरतो, मी बबनरावाकडून दोनदा हिशोब करून घेतला. बापानं पुढल्या वर्षी बघू म्हणून तुला गाडीत बसवलं, तवा माझ्या हातात काही नव्हतं म्हणून गप बसले. गाय तुझ्या नावावर लिहिली ती चुकून न्हाई. त्याच्या खात्यात गेलेलं पुढल्या वर्षापर्यंत राहिलं नसतं, आन मालकिणीला तर घरी यावंच लागतं. शुक्रवारच्या एसटीनं ये. मार्कमेमो, टीसी मी काढून ठेवलंय. कोयता तिथंच ठेव, येताना आणू नको.

वाट बघणारी, तुझीच
केशर आजी