शेडची वरची झडप

६ एप्रिल

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

गेल्या उन्हाळ्यात त्या सकाळी मी अंगण झाडलं, धुतलेल्या चादरी दोरीवर टाकल्या, दूध तापत ठेवलं आणि पुस्तक घेऊन बसले. दूध उतू गेल्याचा वास तुमच्या दादांना मागच्या शेडमध्ये आला, मला नाही. तिथूनच ते ओरडले, की आता भांडं तरी वाचव. दुपारी जेवायला बोलवायला गेले, तर ते पत्र्याला पाठ टेकून खाली बसलेले होते. डॉक्टर म्हणाले, उष्माघाताने गेले. हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. ठाऊक नाही ते आज लिहिते.

पत्र्याची शेड म्हणजे उन्हात ठेवलेला डबा. सुतारकामासाठी ती बांधताना त्यांनी एका अंगाला खाली खिडकी ठेवली आणि समोरच्या अंगाला छपराखाली झडप. खालून गार हवा आत येते, वरून तापलेली निघून जाते. त्या दुपारी झडप बंद होती. ती आतून ओढून लावता येते, तशी शेजारी धाकट्या भाऊजींच्या अंगणातून काठीने लोटूनही. तिच्यातून उडणारा भुसा जाऊबाईंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसतो, म्हणून भाऊजी किती कुरकुरत ते तुम्ही ऐकलं आहे.

आता पुढचं बघा. वर्ष झालं, भाऊजी माझ्या नजरेला नजर देत नाहीत. गेल्या महिन्यात न विचारता शेडच्या छपराला पांढरा रंग दिला. परवा गरम हवा बाहेर फेकणारा पंखा आणला, स्वतः बसवला आणि चहाही न घेता गेले. एवढं कशासाठी म्हणून विचारलं, तर म्हणाले, वहिनी, आता तुम्ही आत बसता ना. माणूस उगाच एवढं करत नाही. मी तिथे खुर्च्या विणते खरी, पण डोळा झडपेवर असतो.

त्यांनीच ती लावली असेल, तर दोन अंगणांच्या मध्ये मी भिंत घालणार. गवंड्याशी बोलून ठेवलं आहे. तुम्ही दोघांची बहीण, म्हणून आधी तुम्हाला कळवते.

माझ्यावरची माया आहे तशी राहू द्या.
तुमची वहिनी

१४ एप्रिल

ती. वहिनीस,
शि. सा. न.

पत्र वाचून तुमचा राग आला. हल्ली वाचनालयातून खुनाच्या गोष्टी आणता का? दुकानांच्या पाट्या वाचत तुम्ही आपल्या आपण वाचायला शिकलात, याचं मला फार कौतुक. पण पुस्तकात शेवटच्या पानावर कोणीतरी सापडतोच. घरात सापडेलच असं नाही.

धाकट्याचा चेहराच चोराचा. लहानपणी काच कोणीही फोडो, मान खाली हा घालायचा आणि मारही हाच खायचा. दादा शेजारी उभा राहून हसू दाबायचा. मात्र एक तुमच्यापासून लपवत नाही, धाकटा मलाही फोनवर विचारत असतो, वहिनी किती वेळ आत बसतात, दार उघडं ठेवतात ना. मला ती काळजी वाटत होती. आता तुमच्यामुळे त्यातही काळंबेरं दिसू लागलं आहे. याचं पाप तुमच्या माथी.

गवंड्याला थांबवा. आधी धाकट्याला समोर बसवून विचारा. भिंत झाली तर मी माहेरी आल्यावर कोणत्या दाराने आत शिरायचं?

रागावलात तरी मला आपली म्हणत राहा.
तुमची नणंद

२२ एप्रिल

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

विचारलं. भाऊजी म्हणाले, कपड्यांपायी दोन-चारदा काठीने झडप लोटली होती. त्या दिवशी लोटली की नाही, ते आठवत नाही. रोज आठवून बघतो म्हणाले. जाऊबाई मधेच फणकारल्या, की कपड्यांचं निघालंच आहे तर सरळ माझंच नाव घ्या. भाऊजींनी त्यांना गप्प केलं. पण मी नाही लावली, असं ते एकदाही म्हणाले नाहीत.

मला हे पटत नाही. ज्याने केलं नाही त्याला नाही म्हणता येतं. गवंडी सोमवारी येणार आहे.

तुम्ही मात्र मला तोडू नका.
तुमची वहिनी

२९ एप्रिल

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

तुमच्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे.

शनिवारी मी पॉलिशचं काम हाती घेतलं. एका कपाटाची दोन दारं होती. एका दाराला तुमच्या दादांनी शेवटच्या दिवशी पॉलिश केलं होतं, दुसरं तसंच राहिलं होतं आणि गिऱ्हाईक बिचारं अजून थांबलं आहे. पंखा सुरू, खिडकी उघडी, झडप उघडी. शेड छान गार होती. भाऊजींनी काम चांगलं केलं आहे असं वाटलं, आणि तसं वाटलेलंही मला आवडलं नाही.

पॉलिशचा पहिला हात दिला. वाऱ्याने कोपऱ्यातला भुसा उठला आणि ओल्या दारावर बारीक कण येऊन बसले. घासून काढलं, पुन्हा हात दिला, पुन्हा तेच. मग मी वैतागून उठले, पंखा बंद केला, खिडकी ओढून घेतली, झडप लावली आणि कामाला बसले. हात आता छान बसत होता. कानशिलं तापली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा कुठे मी काय केलं ते कळलं. धडपडत बाहेर येऊन पायरीवर बसले.

बरं वाटल्यावर आत जाऊन तुमच्या दादांनी केलेल्या दारावरून हात फिरवला. काचेसारखं आहे, वन्सं. एक कण नाही. पॉलिश करताना झडप उघडी ठेवणारा तो माणूसच नव्हता. भाऊजींनी ती लावली असेल, तर यांना आयतीच बंद मिळाली. नसेल लावली, तर यांनी लावली. कोणी लावली हे विचारण्यात आता काही उरलं नाही. वर्षभर मी चोर शोधत होते, आणि हे मात्र आपलं काम चोख करून गेले होते. पायरीवर बसून त्यांना चार शब्द सुनावले. ते इथे लिहीत नाही.

तुमचा जीव माझ्यावर आहे, तो तसाच असू द्या.
तुमची वहिनी

ता. क. भाऊजींचं लिहायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी मी गवंड्याला येऊ नको म्हणून सांगितलं, भाऊजींना शेडमध्ये बोलावलं आणि त्यांचा हात धरून त्या दारावरून फिरवला.