नवसाच्या कोंबड्याची पिसं

गंजाड, ता. डहाणू
रविवार, २३ जुलै २०१७
(आज अवस आहे, पण पत्र नुसतं खुशालीचं आहे, कामाचं नाही, म्हणून चालतं.)

उधव्याचे आमचे व्याही हाल्याभाऊ यांना गंजाडच्या लाहू रघ्याचा दोन्ही हात जोडून रामराम. (उजवा हात पूर्ण वर येत नाही, म्हणून तो निम्मा जोडला आहे. कारण पुढे येईल.) इकडे सर्व ठीक. भाताची आवणी उरकली, पण गुडघे अजून चिखलातच असल्यासारखे वाटतात. तिकडे विहीणबाई, जावई मनिष आणि तुमची म्हैस खुशाल असतील. तुमच्या डोळ्यांचं कसं काय? मोतीबिंदू पिकला की पाऊस सरल्यावर काढू, असं डॉक्टर म्हणाल्याचं निलमकडून कळलं. पिकायची वाट बघत बसणं आंब्याच्या बाबतीत ऐकलं होतं, डोळ्याच्या बाबतीत पहिल्यांदा ऐकलं. असो. तोवर हे पत्र तुमची सून आणि माझी लेक निलमच तुम्हाला वाचून दाखवेल. (निलम, सावकाश वाच. आणि जिथे ‘ही ओळ सोड’ असं लिहिलंय तिथे सोड.)

फोन सोडून पत्र का, असं तुम्ही म्हणाल. एक तर तुम्ही हद्दीवर, तुमचा फोन कधी महाराष्ट्रात असतो, कधी गुजरातेत, आणि लागला तर तुम्ही नुसतं ‘हां हां’ म्हणता. दुसरं म्हणजे आमच्याकडे रेंज फक्त ओट्यावर येते आणि ओट्यावर रूपी बसलेली असते. नवऱ्याचं अर्धं बोलणं ऐकून उरलेलं अर्धं स्वतः बनवायची कला तिच्याकडे आहे. पत्राचं तसं नाही. तलासरीच्या गाडीवर आपली माणसं आहेत, एकाच्या खिशात घातलं की संध्याकाळपर्यंत पोचतं. एसटीची नोकरी सुटली तरी तेवढी ओळख अजून शिल्लक आहे.

तर हकीकत अशी. ९ ऑगस्टला आदिवासी दिनाला आमच्या पाड्यावर तीरकामठ्याची स्पर्धा असते, ती तुम्हाला ठाऊकच आहे. दोन वर्षांमागे तुम्हीच येऊन केळीच्या खुंटावरचा चुन्याचा ठिपका फोडलात आणि आमच्या पाड्याचं नाक कापून, वर माझ्याच घरी कोंबडी जेवून गेलात. यंदा मंडळाचा अध्यक्ष झालाय सुनिल, माझ्या चुलत भावाचा मुलगा. तो जूनमध्ये घरी आला, पाया पडला, तेव्हाच मला वास आला. म्हणाला, “काका, यंदा तुम्ही प्रमुख पाहुणे. तुम्ही फक्त बसायचं. शाल, नारळ, दोन शब्द.” मी विचारलं, “आणि बाण?” तर म्हणतो, “बाण पोरं मारतील की.” मागच्या वर्षी याच खुर्चीवर वरच्या पाड्याच्या एका म्हाताऱ्याला बसवलं होतं. मांडीवर नारळ, अंगावर शाल, आणि वरून पाऊस. त्यानंतर त्याला कोणी घर शाकारायलाही बोलावलं नाही. हाल्याभाऊ, एकदा शाल पडली की माणूस स्वतःच्या गावात पाहुणा होतो. रिटायर झालो तेव्हा एक शाल घेतली होती, ती रूपीने खुराड्यावर टाकली आहे. कोंबड्यांना ऊब येते, पण मला दुसरी नको. मी सुनिलला सांगितलं, माझं नाव नेम धरणाऱ्यांत लिही. तो हसला नाही, हे त्याचं चांगलं. पण म्हणाला, “काका, आधी एक बाण रेषेवरून खुंटापर्यंत पोचवून दाखवा. लोकांसमोर पडला तर मलाच वाईट वाटेल.”

मग मी बापाचा कामठा काढला. तो तुम्ही पाहिलाय, मनगटाएवढ्या जाड बांबूचा, त्याला बांबूच्याच सालीची दोरी. बाप तो ओढायचा तेव्हा तोंडातली विडीसुद्धा हलायची नाही. मी ओढला, अर्ध्यावर आला, आणि खांद्यातून ‘कट्’ असा आवाज निघाला. रूपी आतून म्हणाली, कामठा मोडला काय? मी म्हटलं, नाही, कामठा ठीक आहे. डहाणूचे डॉक्टर म्हणाले की खांदा धरला आहे, इतकी वर्षं स्टेअरिंग आणि गिअर, दुसरं काय होणार, हात जपून वापरा. रूपी लगेच हिरव्या देवाला कोंबडा बोलली, की खांदा सुटू दे, दिवाळीनंतर देईन. आणि त्या दिवसापासून घरातल्या लाल कोंबड्याला माझ्याआधी जेवण मिळू लागलं.

खांदा बदलता येत नाही, पण सामान बदलता येतं. गाडी चढ चढत नसेल तर ड्रायव्हर खालचा गिअर टाकतो. म्हणून हलका कामठा करायचा ठरवला. पण घाई नडली. बांबू अंधाऱ्या पंधरवड्यात तोडायचा असतो, हे आपल्यातलं शेंबडं पोरही सांगेल. मी तोडला टिपूर चांदण्यात, म्हटलं, हल्ली कोण पाळतं! तासला, वाकवला, चुलीवरच्या माळ्यावर धुरात सुकत ठेवला. शेजारी रूपीचे झाईहून आणलेले बोंबील. आठ दिवसांत कामठ्याला बोंबलांचा असा वास लागला की मांजर त्याच्याभोवती अंग घासू लागलं. तेही चाललं असतं. पण मग भाताच्या ताटात वरून पिवळी पूड पडू लागली. रूपीला वाटलं, मी काही मसाला आणलाय. तो भुंगा होता. भुंग्याने आतून माझा कामठा खाऊन टाकला होता, आणि वरची पॉलिश तेवढी माझी होती. चंद्राने माझ्यावर डूख धरला, दुसरं काय.

दुसरा कामठा अंधारा पंधरवडा धरून रीतीने केला. आता दोरी. सालीची दोरी बोटाला कापते, म्हणून झाईच्या एका कोळ्याकडून जाळ्याची नायलॉनची दोरी आणली. कोरडी असताना अशी झकास वाजायची की मी शेजाऱ्यांना बोलावून ऐकवायचो. पण जुलैत कोरडं काय असतं हो आपल्याकडे? भिजली की सैल. पहिला बाण सुटला आणि माझ्याच पायाशी पडला, सुनिल पडला होता तसाच. मग परत साल. बोटाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला. ओढ हलकी, दोरी कडक, बोट शाबूत. राहिला बाण. हलक्या कामठ्याला जड बाण झेपत नाही, म्हणून बोरूसारखे बारीक बाण केले, तर ते वाऱ्यात माशी उडते तसे उडायला लागले. त्यांना मागे पिसं चांगली हवीत. (निलम, इथून पुढची ओळ सोड.) घरात चांगली पिसं एकाच्याच शेपटीला होती, आणि तो माझ्यावर विश्वास ठेवून माझ्या हातून तांदूळ खात होता.

खरं सांगतो, मला तेव्हा नवस आठवला नाही. पिसंच दिसत होती. लाल, काळी, हिरव्या झाकेची, तेल लावल्यासारखी. रूपी बाजारातून आली, कोंबडा पाहिला, मग माझ्या हातातला बाण पाहिला. पिशवी खाली ठेवून म्हणाली, “तुझ्याच खांद्यासाठी बोललेला कोंबडा तूच भादरलास? देवाला काय बोडका कोंबडा दाखवू?” तिचा हिशोब असा, की शेपूट येईपर्यंत कोंबडा देता येत नाही, आणि कोंबडा दिल्याशिवाय खांदा सुटत नाही, म्हणून दोघांची वाढ सोबतच होईल. तेव्हापासून ती रोज सकाळी आधी कोंबड्याची मागची बाजू बघते आणि मग माझ्या खांद्याची चौकशी करते.

पण बाण काय झाला होता म्हणून सांगू! केळीचा खुंट उभा केला, चुन्याचा ठिपका दिला. ओढता आलं तेवढं ओढलं, आणि सोडलं. हाल्याभाऊ, तो बाण इतका सरळ गेला की मला रडू आलं. फक्त खुंटावरून गेला. खुंटामागे आमचं नवीन शौचालय आहे, त्याच्या पत्र्याच्या दारात जाऊन रुतला. आत माझा मेहुणा लहान्या होता, आवणीला मदतीला आलेला. पत्रा असा वाजला की पाड्यावरची कुत्री जागी झाली. लहान्याला वाटलं, कोणी दार वाजवतंय, म्हणून तो आतून “आहे, आहे!” म्हणाला. मग त्याला फटीतून बाणाचं टोक दिसलं. त्यानंतर दुपारपर्यंत तो बाहेर यायला तयार नव्हता. शेवटी रूपीने माझा कामठा हातात धरून त्याला खिडकीतून दाखवला, तेव्हा कुठे कडी निघाली. त्याच संध्याकाळच्या गाडीने तो घरी गेला, आणि आवणीचा शेवटचा तुकडा आम्हा दोघांनाच लावावा लागला.

पण तुम्ही काळजी करू नका. आता सगळं जमलंय. ओढ पूर्ण येते, खांद्याचं नावही नाही, बाण खुंटात जातो. सुनिलला नाव दिलं आहे आणि त्याने ते लिहून घेतलं आहे. विहीणबाईंना आणि जावयांना रामराम, तुमच्या डोळ्यांना आराम पडो.

तुमचा
लाहू रघ्या

ता. क. आज सोमवार सकाळ. अवस उलटली, आता कामाचं लिहायला हरकत नाही. काल ‘सगळं जमलंय’ लिहिलं तेव्हा रूपी शेजारी तांदूळ निवडत होती, आणि मी मोठ्याने बोलत लिहितो ही माझी जुनी खोड. आता ती कोंबड्याला घेऊन मागे गेली आहे, म्हणून खरं लिहितो. काही जमलेलं नाही. कामठा छातीपर्यंत येतो, गालापर्यंत येत नाही. शौचालयाच्या दाराला लागलेला तो एकच बाण, त्यानंतर एकही पोचला नाही. नजर मात्र पहिल्यासारखी आहे. ठिपका मला इतका स्वच्छ दिसतो, की न दिसता तर बरं झालं असतं.

आणखी ता. क. निलम सांगते की तुम्ही अजून एका घावात लाकूड फोडता, फक्त लाकूड कुठे आहे ते कोणीतरी सांगावं लागतं. तेव्हा विनंती अशी. मी सुनिलला एक नाव दिलेलं नाही, दोन दिली आहेत, पण कामठा एकच. त्याने डोकं खाजवलं, मंडळाला विचारलं, आणि म्हणाला की एका कामठ्यावर किती हात लावायचे याचा नियम काही आपल्याकडे नाही. तुम्ही ओढा, मी मागून सांगतो. गाडी मागे घेताना कंडक्टर ओरडतो ना, ‘येऊ दे, येऊ दे, डावीकडे काप, बस!’, तसं. मी आयुष्यभर त्या आवाजावर न बघता गाडी मागे घेतली आणि कधी कुठे लागली नाही (एकदा भिंत लागली, पण तेव्हा कंडक्टर शिंकला होता). नेमासाठी मला तुमच्या खांद्यावर हनुवटी ठेवावी लागेल. व्याह्यांनी असं करणं शोभत नाही, ठाऊक आहे. दाढी करून येईन. एकट्याने त्या रेषेवर उभं राहायची मला भीती वाटते, हाल्याभाऊ. तुम्ही पुढे असाल तर नाही वाटणार. तुमचा कामठा घेऊन आठ तारखेलाच या.

शेवटचा ता. क. मंडळाने प्रमुख पाहुण्यांसाठी दोन खुर्च्या सांगून ठेवल्या आहेत. एक माझी, आणि दुसरी, हे मला कालच कळलं, तुमची होती. त्या तशाच राहू देत. रूपी आणि विहीणबाई बसतील, शाली त्यांनाच घालू. येताना एक लाल कोंबडा आणा, शेपटीचा. (निलम, ही ओळ सोडू नकोस. दोनदा वाच.)