डाव्या कुशीवरून

नगर, दवाखान्यातून
गुरुवार, दि. २९ मार्च १९७३

ति. दाजींना गहिनीनाथचा शिरसाष्टांग नमस्कार.

दोन वर्षांनी या रुसलेल्या मेहुण्याचं पत्र पाहून नवल वाटेल. नेहमीसारखं चांगुणाच तुम्हाला वाचून दाखवील, तेव्हा तिला आशीर्वाद. बांधकामाच्या परांचीवरून मी पडलो, उजवा खुबा दुखावला. डाव्या कुशीवर पडून लिहितोय, ओळी तिरक्या येतील. रंगुबाई घरदार सोडून माझ्या उशाशी आहे. इथलं वरण म्हणजे पिवळं पाणी, पण अशा दुष्काळात नावं ठेवायला मी कोण!

चांगुणाचं कार्ड काल मिळालं. विहिरीचा तळ उघडा पडला, सोमवारपासून तुम्ही खोल करायला उतरताय, वर दोराला ती असते, शनिवारी सुरुंग लावायचा. वाचल्यापासून घास उतरत नाही.

ती विहीर मी बांधली तेव्हा आठवतं? चुना वाळू नये म्हणून तोंडावर पाचटाचा मांडव होता, आत अंधार. माझा उजवा गुडघा जुन्या दुखण्यानं तेव्हाही वाकत नव्हता. दोराच्या फळीवर मी डाव्या अंगावर, पोकळीकडं कलून, जवळजवळ आडवाच काम करायचो. दगड नजरेनं लावायचो. माझी नजर म्हणजेच ओळंबा, हा माझा तोरा.

शेवटच्या दिवशी तुम्ही काठावरून ओळंब्याची वजन बांधलेली दोरी सोडलीत आणि म्हणालात, "गहिनीनाथ, खाली दोरी भिंतीपासून सुटतीया. वर भिंत आत आलीया."

मी म्हणालो, वाऱ्यानं दोरी हलते. विहिरीत कुठला आलाय वारा, दाजी! त्या रात्री मी भरल्या ताटावरून उठलो, पुन्हा तुमच्या दारी आलो नाही. राग तुमचा नव्हता. तुम्ही खरं बोललात याचा होता.

परवा दुपारी उन्हामुळं खोलीच्या खिडक्यांना गोणपाट लावलं. अंधारात दाराच्या फटीतून उजेडाची एक रेघ तेवढी दिसत होती, ती चक्क तिरपी. म्हटलं, कुठल्या आंधळ्यानं चौकट बसवली? रंगूला पिशवीतला ओळंबा काढून फटीवर धरायला लावला. दोरी रेघेवर तंतोतंत. मला तरी दोन्ही तिरप्याच.

रंगू म्हणाली, "सरळच हाय की! तुमीच आडवे हाय."

डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, अंधारात अंग फार कललं की डोळ्यांचं सरळही अंगाच्या बाजूला कलतं. उजेडात भोवतालच्या भिंती पाहून माणूस सावरतो. गोणपाट काढलं, रेघ सरळ झाली. मला मात्र तुमची विहीर आठवली.

तुमच्या विहिरीतला प्रत्येक दगड मी अंधारात, आडव्या अंगानं लावलाय, दाजी. माझ्या डोळ्यांना ती भिंत सरळ होती. खरी ती पोकळीत झुकलीय, आणि आता तिच्याच पायथ्याला तुम्ही खणताय.

हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. लाज वाटली, वरणाचं लिहीत बसलो. आता नव्यानं लिहायला वेळ नाही. पारनेरच्या गाडीचा कंडक्टर छगन दारात थांबलाय. त्याला म्हटलंय, मळ्यापाशी गाडी थांबव आणि हातोहात दे. सोबत माझा ओळंबा पाठवतोय.

चांगुणे, दाजी आत्ता तुझ्यासमोर बसून हे ऐकत असतील तर देव पावला. पण कार्डात तू लिहिलंस, दिवसभर ते खालीच असतात. तू विहिरीच्या काठावर एकटीच वाचत असशील, तर हे पत्र हातातून तिथंच टाकून दे. आरडाओरडा करू नकोस, भिंतीला हात लावू नकोस. दोर हलव आणि त्यांना वर घे.

तुझ्या कुंकवाचा अपराधी,
गहिनीनाथ