कमळाकरचं दुखणं

२ जानेवारी १९७८, सोमवार

शेजारचा कमळाकर काल विहिरीवरून दोन भरलेल्या कळश्या घेऊन आला. ताठ. बातमी पक्की. बायकोने, मालनने, स्वतः पाहिलं आणि जेवताना दोनदा सांगितलं. गणपतीपर्यंत तो माझ्यासारखाच कमरेवर हात ठेवून फिरायचा. मग मुंबईला पाठीचं ऑपरेशन करून आला. मालन म्हणाली, बगा कसा पोरावानी चालतोय, आन् तुमी आठ वर्सं नुसतं मलम चोळताय. मी म्हटलं, खोपोलीच्या कारखान्यातली भरपगारी रजा मिळाली की कुणीही ताठ चालेल. आमच्या खालापूरच्या कचेरीत शिंकायला रजा मिळत नाही.

संकल्प: कमळाकरचा विचार बंद.

३ जानेवारी

पालखीचे मानकरी येसाजीबाबा भेटले. चैत्री पौर्णिमेला गावदेवीच्या पालखीचा पुढचा खांदा कमळाकरला. पूर्वी ती जोडी आमची होती. डावीकडे तो, उजवीकडे मी. आता माझ्या जागी पोशा. पोशा उंचीने जेमतेम माझ्या कानापर्यंत! पालखी एका अंगाला झुकणार. तेव्हा निव्वळ देवीसाठी मला ऑपरेशन करून घेणं भाग आहे. मत्सराचा प्रश्नच नाही.

८ जानेवारी, रविवार

कमळाकरकडे चहा. त्याचं दुखणं कसं होतं ते सहज विचारून घेतलं. डाव्या कुल्ल्यातून निघून पायाच्या करंगळीपर्यंत विजेसारखी कळ. माझं अगदीच साधं: उजव्या जांघेत, बसून उठताना. पण बरं कोणतं झालं? त्याचं. मग डॉक्टरांना तेच सांगितलेलं शहाणपणाचं.

१२ जानेवारी, गुरुवार

मुंबई. डॉक्टर कमळाकरचेच. कळ डावीकडे, करंगळीपर्यंत, असं न अडखळता सांगितलं. त्यांनी डावा पाय सरळ वर उचलला. इथे कमळाकर ओरडला होता, म्हणून मीही ओरडलो. पाठीत औषध सोडून फोटो काढला. मणक्यातली चकती किंचित सरकली आहे. डॉक्टर म्हणाले, अशी चकती न दुखणाऱ्यांच्या फोटोतही दिसते. पण पायात एवढी कळ जाते म्हणता, तर ऑपरेशनचा उपयोग होईल. मी म्हटलं, जाते, फारच जाते.

१० फेब्रुवारी

ऑपरेशन झालं. पडून लिहितोय. कमळाकर संत्री घेऊन आला. शर्ट वर करून दोघांनी खुणा ताडून पाहिल्या. माझी अर्धं बोट लांब आहे. समाधान वाटलं.

दुखतंय मात्र तिथेच. हे जुनं दुखणं असावं, निघायला वेळ लागतोय.

१२ मार्च, रविवार

तीन महिने वजन उचलू नका, असं डॉक्टरांनी बजावलंय. मुसळ म्हणजे काही वजन नव्हे. ते उजव्या खांद्यावर घेऊन अंगणात पालखीचा नाच केला. पहिली गिरकी उत्तम. दुसऱ्या गिरकीला खाली बसलो. मग उठता येईना. कमळाकरने कुंपण ओलांडून मला पोत्यासारखं उचललं आणि बाजेवर ठेवलं. मालन ओरडली, हळू रं कमळाकर, तुज्या पाठीला जप!

त्याच्या पाठीला.

३० मार्च, गुरुवार

पुन्हा डॉक्टर. डावा पाय वर केला, काही नाही. ते खूश झाले. म्हणाले, कळ गेली. मी म्हटलं, डावीकडे कधी नव्हतीच. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग तेव्हा काय सांगत होतात, म्हणाले. कमळाकरचं सांगत होतो, म्हटलं. आजार तोच, तर लक्षणंही तीच. खरं दुखतं कुठे, ते त्यांनी विचारून घेतलं. मग माझा उजवा पाय खुब्यात फिरवला. मी ओरडलो. या खेपेला आपसूक. म्हणाले, मी पाठ नीट केली, पण दुखणं पाठीत नव्हतंच. खुब्याचा सांधा झिजलेला दिसतोय. एप्रिलअखेर फोटोला बोलावलंय.

पाहुण्यांना सांगायला पाठच बरी होती.

२३ एप्रिल, रविवार, चैत्री पौर्णिमा

पालखी निघाली. कमळाकर डावीकडे, पोशा उजवीकडे. पोशाने खांद्यावर घोंगडी दुमडून घेतली होती, त्यामुळे काही झुकलं नाही. मी ओट्यावर.

दारात पालखी थांबली की आजाऱ्याने खालून जायचं, ही गावची रीत. येसाजीबाबांनी हाक मारली, ये रं, लाजतोस कशाला? पुढे पोशाची लेक गेली, मागून मी. मधोमध जांघ आखडली. पुढे होईना, मागे होईना. वर देवी, दोन्ही बाजूंना ढोल. मागचे खांदेकरी कुरकुरू लागले. कमळाकर म्हणाला, येऊ दे आरामात, माजी पाठ काय दुकत नाय. मी बाहेर येईपर्यंत त्याने पालखी जरासुद्धा हलू दिली नाही.

मालनने त्याचीच दृष्ट काढली.

गुरुवारी खुब्याचा फोटो. सोबतीला कमळाकर येणार आहे. मालनने त्याला बजावून ठेवलंय: आत जाऊ नकोस रं, भाईरच बस, नायतर हे परत तुजंच दुकणं सांगतील.