दीर्घभाषिणे नमः

ती. ताईस साष्टांग नमस्कार. (आठांपैकी दोन अंगं म्हणजे गुडघे, आणि ते सध्या रजेवर आहेत, सहांवर भागवून घे.) तुझी कंबर आता सरळ होते, असं भाऊजींकडून कळलं. आनंद झाला. तो किती निःस्वार्थी आहे, ते शेवटी कळेलच.

तर तुझ्या पंधरा वर्षांच्या भाचीने मुख्याध्यापकांच्या दारावर खडूने दोन शब्द लिहिले: ‘दीर्घभाषीय नमः’. म्हणजे, लांबण लावणाऱ्यास नमस्कार. गृहस्थ प्रार्थनेनंतर बोलायला उभे राहिले की मुलं एकमेकांना टेकून झोपतात, हे खरं. पण खरं असलं म्हणून दारावर लिहायचं नसतं. मला बोलावणं आलं. मुलांच्या वागण्याला आईबाप जबाबदार कसे, हे त्यांनी मला (दीर्घ) समजावलं. तिला वर्गात बसू द्यायचं की नाही, ते माझं म्हणणं ऐकून ठरणार होतं.

म्हणणं मी वाटेतच रचलं होतं. इतकी वर्षं संस्कृत शिकवल्यावर माणसाला भांडणसुद्धा विभक्तीतच सुचतं. म्हटलं, साहेब, ‘मुलीचा बाप’ यातली षष्ठी नुसतं नातं सांगते. क्रियेत तिचा हात नसतो, म्हणून व्याकरण तिला कारकांत बसवतच नाही. लिहिणारी ती, मी नुसता ‘चा’. त्यांनी शांतपणे माझ्या हातात ओला फडका दिला. “मग निदान तिच्याबरोबर दार तरी पुसा.”

ती बादली भरायला गेली. मी दारासमोर एकटा. आणि ताई, ‘भाषीय’? ‘भाषिन्’, म्हणजे ‘इन्’ने संपणारा शब्द, चक्क रामासारखा चालवलेला! अंगावर काटा आला. हात आपोआप खिशात गेला (खडू तिथे असतोच). शेवटची दोन अक्षरं पुसली आणि सुवाच्य लिहिलं, ‘षिणे’. तेवढ्यात दार उघडलं.

“चूक सुधारलीत,” ते म्हणाले, “पण भलतीच.”

त्या माणसाचं आयुष्यातलं सर्वांत छोटं भाषण माझ्या वाट्याला आलं. बोलली ती, हातात बादली घेऊन: “सर, लिहिलं मीच. बाबांना फक्त चूक बघवत नाही.” मी ‘चा’वर व्याख्यान झोडत होतो तेव्हा ही दाराबाहेरच उभी होती, हे मला तेव्हा आठवलं. मी माझा बचाव केला. तिनेही माझाच केला.

तेव्हापासून विचार करतोय. लिहिणं तिचंच, ते मी अंगावर घेणार नाही. पण घरी आम्ही लोकांना नावं ठेवून हसतो तेव्हा मी तिची विभक्ती तेवढी दुरुस्त करत आलो, हसणं कधीच नाही. एवढा भाग माझा.

तुझा (षष्ठीतलाच)
भाऊ

ता. क. तिला वर्गात घेणार आहेत, पण एका अटीवर. “आता तुमच्या पालकांना घेऊन या,” म्हणाले. आई-बाबांमागे माझी पालक तूच. सोमवारी सकाळी शाळेत ये.

आणखी एक. ‘दीर्घभाषी’ हा शब्द कुठून उचललास, असं तिला विचारलं. तुझा फोन आला की मी फोनवर हात ठेवून तिच्या आईला हेच सांगतो म्हणे. तेव्हा सोमवारी शक्यतो थोडक्यात बोल.